साडेसातची पिशवी

कुडचड्यात, रेल्वे फाटकाच्या पलीकडे,
चौदा खोल्यांची आमची बैठी इमारत.
भाडं पेन्शनीत मावतं.
औषधं मावत नाहीत, पण तो वेगळा विषय.

न्हाणीत धरायला दांडे आहेत. उंबरे घातलेच नाहीत.
मग लक्ष्मी आत येणार काय ओलांडून,
असं प्रेमावती फळदेसाईंनी पहिल्याच बैठकीत विचारलं होतं.
इंजिनिअर पोरगा म्हणाला, न अडखळता येईल.

रात्री निजण्याआधी प्रत्येकानं
दाराच्या कडीला कापडी पिशवी अडकवायची.
पहाटे पदेर येतो सायकलचा भोंपू दाबत,
तीनला दोन उंडे, अकराला कातरे पाव,
नऊला पोई, मधुमेहाची.
साडेसातपर्यंत पिशवी आत गेली पाहिजे.
नाही गेली तर दार ठोठवायचं.

मंगळवारी नर्स येते रक्तदाब बघायला,
बुधवारी अर्ज भरून देणारी मुलगी.
पण खरी यंत्रणा ही, पावाची.

वही माझ्याकडे. एकतीस वर्षं
मराठी शाळेत पहिलीचा वर्ग सांभाळला,
हजेरी अजून जिभेवर आहे.
आता नावं पुकारत नाही,
कड्या बघत चालते नुसती.
रिकामी कडी म्हणजे हजर.

शाणू वेळीप हजर. खाण बंद पडली,
खोकला तेवढा चालू आहे.
पियेदाद हजर. कुवेतला बावीस वर्षं
दुसऱ्यांची मुलं वाढवली तिनं,
ती मुलं फोन करतात.
स्वतःचा मुलगा फुलांचे फोटो पाठवतो, गुड मॉर्निंग लिहिलेले.

नोव्हेंबरात शाणूचा अंगठा यंत्राला पटेना.
स्टिअरिंगनं रेषा केव्हाच पुसून नेलेल्या.
जिवंत असल्याचा दाखला अडला.
मी वही पुढे केली: बघ बाई,
रोज पाव आत घेतोय हा माणूस.
ती हसली, पण तिनं पानांचे फोटो काढून घेतले.

नऊ नंबरच्या कायतानशी मी बोलत नव्हते.
सूचनाफलक देवनागरीत की रोमीत,
यावरून गणपतीपासून नाताळापर्यंत पेटलेलं.
शेवटी फलक कोराच राहिला,
आणि टाकी धुण्याची तारीख कुणालाच कळली नाही.

जानेवारीत एका पहाटे
न्हाणीतला दांडा माझ्या हातापासून वीतभर लांब होता.
लादी थंड. भोंपू आला, गेला.
सहा नंबरच्या कडीवर पिशवी लटकून आहे
हे मला आतून दिसत होतं, डोळे मिटूनसुद्धा.
आणि वही तर माझ्याचकडे.
माझी कडी कोण बघणार, हा विचार
इतक्या वर्षांत मला शिवला नव्हता.

मग काठीचा आवाज.
"टीचर, तुझो पाव थंड जालो."
कायतान.
मला ओ देता येईना.

तो जन्माचा सुतार. दार मोडलं नाही त्यानं,
बिजागऱ्यांचे स्क्रू काढले एकेक,
थरथरत्या हातानं, शिव्या घालत,
आणि अख्खं दार उचलून भिंतीला टेकवलं.

मडगावच्या इस्पितळात नऊ दिवस.
परतले तेव्हा दार जागेवर होतं,
पूर्वी करकरायचं, आता करकरत नव्हतं.

वही उघडली.
नऊ दिवस कुणीतरी भरली होती,
निळ्या पेनानं, चौदाही खोल्या.
सहा नंबरपुढे गैरहजर नव्हतं.
तिथं रोज एकच शब्द, रोमीत,
अक्षरं सुताराच्या पेन्सिलीसारखी रुंद:
आसा. आसा. आसा.

माझ्या वहीत रोमी!
लाल पेन शोधलं. सापडलं.
टोपण काढलं, बराच वेळ हातात धरलं,
मग त्याच पेनानं खाली आजची तारीख घातली
आणि नऊ नंबरच्या कडीकडे बघायला निघाले,
वॉकर सरकवत.

पिशवी अजून बाहेरच होती.
सात वाजून वीस मिनिटं.
अजून दहा मिनिटं आहेत, म्हटलं,
आणि तिथंच थांबले.